मालिका पाहून स्पॅनिश: सरावपुस्तिका आधी की भाग आधी?

प्रश्न (नेरूळ): नोकरीमुळे वर्गाला जाणे जमत नसल्याने मी १९९२ ची ‘डेस्टिनोस’ ही ५२ भागांची शैक्षणिक मालिका पाहू लागले आहे. सहा भाग झाले. कथा समजते, परंतु सरावपुस्तिका उघडली की क्रियापदांची रूपे आठवत नाहीत. आधी काय करावे?

उत्तर (ठाणे): आधी भाग पाहावा, मग पुस्तिका सोडवावी आणि दुसऱ्या दिवशी तोच भाग उपशीर्षकांविना पुन्हा पाहावा, असा माझा क्रम होता. माझी जुन्या बाजारातली पुस्तिका आधीच्या मालकाने पेन्सिलीने भरलेली निघाल्यामुळे पहिला रविवार खोडरबर घेऊन बसण्यातच गेला. मराठी माणसाने मात्र घाबरू नये. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’ आणि अनेकवचनी ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणजे ‘मला पुस्तके आवडतात’. दोन्ही भाषांत क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलते. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही ‘असणे’ या अर्थाची दोन क्रियापदे मात्र छळतात, कारण आपल्याकडे दोन्हींसाठी एकच ‘आहे’.

उत्तर (वाशी): वरील क्रम योग्य आहे. भर एवढीच, की संवाद मोठ्याने म्हणावेत. स्पॅनिशमधील ‘त’ आपल्या ‘त’सारखाच दंत्य असल्याने तो इंग्रजी वळणाने ‘ट’ करू नये.

प्रश्नकर्ती: आभार. सातवा भाग आज रात्री, पुस्तिका उद्या लोकलमध्ये, बसायला जागा मिळाली तर.