पेनचं (गोंडांच्या देवाचं) साहित्य संग्रहात आहे, समाजातली जाणती मंडळी पूजेला येताहेत. तयारी काय करावी?

वाळा
नमस्कार. नागपुरातल्या एका छोट्या संग्रहात गोंडांच्या पेनचं साहित्य आहे. बांबूच्या नळकांड्यात लोखंडी फाळ, त्यावर शेंदराचा जाड थर, मोरपिसांचा जुडगा, शिवाय दोन मांदरी, म्हणजे मातीचे, कातडं ताणलेले ढोल. नोंदवहीत फक्त ‘गोंड, जि. चांदा’. बांबूखाली पिठासारखी पूड पडते. दिवाळीनंतर जाणती मंडळी आणि भुमक (गोंडांचा पुजारी) येणार, धूप घालणार, मोहाची धार देणार. किडीचं आधी उरकू की ते येईपर्यंत थांबू? शेंदूर साफ करून ठेवा, असं वरचे म्हणतात.

किडकं_लाकूड
भाऊ, आधी कीड जिवंत आहे का ते पाहा. पडलेली पूड ब्रशने उचला, खाली काळा कागद ठेवा, त्यावर तारीख टाका. दोन आठवड्यांत छिद्राखाली नवी ढिगुळी दिसली तर भुंगेरा आत आहे. नुसती पसरट धूळ असेल तर जुन्या बोगद्यांतली पूड हादऱ्याने गळते आहे, उपचाराची गरज नाही.

जिवंत निघालाच तर बांबू पॉलिथिनमध्ये घाला, हवा काढून सील करा आणि उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही. आपल्याकडे पावसाळ्यात थंड लोखंडावर लगेच पाणी धरतं, गंज सुरू होतो. मांदरी मात्र फ्रीजरमध्ये घालू नका, ताणलेलं कातडं आणि माती सारखी आकसत नाहीत. त्यांना ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद आवरण करा, आत ऑक्सिजन ०.३ टक्क्यांखाली, तीन-चार आठवडे. आत ऑक्सिजन मोजणारं यंत्र किंवा रंग बदलणारी गोळी ठेवा, नाहीतर पिशवीला बारीक भोक असलं तरी कळत नाही.

हे सगळं करण्याआधी त्या मंडळींना एक फोन करा. देवाला प्लास्टिकमध्ये कोंडणं किंवा मटण ठेवलेल्या फ्रीजरात घालणं काहींना चालत नाही. तोवर सुती कापडात गुंडाळून वेगळ्या खोलीत ठेवा, म्हणजे निदान बाकीच्या वस्तूंना कीड लागणार नाही.

क्ष_किरण
शेंदूर मळ नव्हे, वापराचा थर आहे. तो खरवडला की वस्तूचा इतिहासही गेला. वरच्यांना तसं लेखी कळवा.

माझी काळजी वेगळी आहे. जुन्या संग्रहांत पिसं आणि कातड्यांना सोमल (आर्सेनिकचं विष), रसकापूर (पाऱ्याचं विष), पुढे डीडीटी हे कीटकनाशक मारायची पद्धत होती. मंडळी हात लावणार, तोच हात तोंडाला जाणार, म्हणून तपासणी त्यांच्या भेटीआधी. इथे एक मेख आहे: हातातल्या एक्सआरएफ यंत्राने (क्ष-किरण टाकून वस्तूत कोणती मूलद्रव्यं आहेत ते प्रत्येकाच्या ठरावीक रेघेवरून दाखवणारं यंत्र) शेंदरावर नेम धरला तर उत्तर फसवं येतं. शेंदूर बहुधा शिशाचा असतो. शिशाची मुख्य रेघ १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, सोमलाची १०.५४ ला, म्हणजे एकीखाली दुसरी झाकली जाते. सोमलासाठी ११.७ च्या आसपासची रेघ पाहा. पारा दिसला तरी तो रसकापुराचाच असं नाही, हिंगुळ या लाल रंगातही पाराच. म्हणून नेम शेंदूर न लागलेल्या जागी धरा: पिसांच्या दांड्यांचा बुंधा, बांबूची आतली बाजू. डीडीटी यात नीट सापडत नाही. त्यासाठी पुसून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो.

तोवर नायट्राइलचे हातमोजे (सुती नकोत) आणि एन-९५ मास्क. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बारीक धूळ परत हवेत सोडतो, हेपा गाळणीचाच (बारीक कण अडवणारी गाळणी) वापरा. आणि मंडळींना आधीच सांगा, आडवळणाने नको: ‘यावर पूर्वी विष मारलेलं असू शकतं.’ अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या वस्तू परत देण्याच्या १९९० च्या कायद्याखालच्या नियमांनुसार वस्तू परत देताना माहीत असलेल्या औषधांची कल्पना द्यावीच लागते.

मोहफूल
‘जि. चांदा’वर विसंबून जवळच्या कुणालाही बोलवू नका. त्यात आजचा चंद्रपूर आला आणि १९८२ ला वेगळा झालेला गडचिरोलीही. दुसरं, पेन कुळाचा असतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे या गोंडांच्या कुळगटांचे देव वेगळे, सहा देव्यांच्या पेनबद्दल सात देवे बोलणार नाहीत. तेव्हा पहिली भेट फक्त ओळख पटवण्याची ठेवा: फोटो घेऊन जा, वस्तू नेऊ नका. फोटो दाखवणं चालेल का, हेही आधी विचारा. कुणी हात लावायचा, बायकांनी पाहायचं का, तोंड कुठल्या दिशेला, जमिनीवर की चौरंगावर, हे सगळं त्यांच्या शब्दांत नोंदवा. त्यातलं काय कार्डावर लिहायचं, तेही त्यांनीच ठरवायचं. तारीख धरताना गोंडांच्या कचारगड या तीर्थाची माघ पौर्णिमेची जत्रा टाळा, तेव्हा कुणी सापडत नाही.

वाळा
ताई, कुळांचं लक्षातच आलं नव्हतं. आणि धुराचं? हॉलला सेन्सर आहेत.

क्ष_किरण
पूजा आवारात, सावलीत घ्या. आतच हवी असेल तर तेवढ्या भागाचा सेन्सर अग्निशमनाचं काम पाहणाऱ्याकडून तासभर बंद करून घ्या, एक माणूस अग्निशामक घेऊन उभा, आणि संपल्यावर सेन्सर चालू झाल्याची सही.

मोहाची धार पानावर किंवा जमिनीवर पडू द्या, वस्तूवर नको. जुनी डागडुजी चपड्याने (लाखेने) केलेली असेल तर दारूने ती विरघळते. ताजा शेंदूर लावायचा असेल तर नाही म्हणू नका, पण जागा ठरवून घ्या. तेल पिसांपर्यंत ओघळलं तर ती चिकटतात, मग सोडवता येत नाहीत. आधी-नंतर फोटो घ्या. तांदूळ, मोहफुलं संध्याकाळपर्यंत बाहेर काढा, आणि ते प्रसाद म्हणून खाल्ले जाणार नाहीत एवढं पाहा.

किडकं_लाकूड
त्या दिवशी मांदरी वाजवायची म्हणतील. कातडं उन्हाळ्यात वाळलेलं, वादी पिचलेली. ताण वाढवू देऊ नका. वाजवायला दुसरी मांदर त्यांना सोबत आणायला सांगा.