मदत हवी आहे: रक्त दिसलं की चक्कर येते, सोमवारपासून सर्जरी

उलटी छत्री:
पटकन उत्तर हवंय. रक्त पाहिलं की मला चक्कर येते. मी मेडिकलला आहे, सोमवारपासून सर्जरी विभागात पोस्टिंग आहे आणि आज शुक्रवार. यावर काही गोळी असते का? कृपया 'होईल सवय' लिहू नका, ऐकून कान किटलेत.

जुनं खोड:
होईल सवय. आमच्या बॅचचा एक जण डिसेक्शन हॉलमध्ये (मृतदेहावर शिकवतात तिथे) पहिल्याच दिवशी आडवा झाला होता, आज हाडांचा सर्जन आहे. रोज झोपण्याआधी ऑपरेशनचे व्हिडिओ बघ. काही वाटलंच तर दीर्घ श्वास.

नुसता वाचक:
कितव्या वर्षाला आहात? नुसतं गरगरतं की शुद्ध जाते? स्वतःचं रक्त पाहून की दुसऱ्याचं? एवढं तरी सांगाल की नाही.

उलटी छत्री:
तिसरं वर्ष. शुद्ध जाते. आतापर्यंत दोनदा. डिसेक्शनला अख्खं वर्ष काही झालं नाही, त्यामुळे ते उदाहरण नको. गोळीचं सांगा ना कोणीतरी.

पाऊण वाजला:
पुढे सर्जरी घेऊच नका. मानसोपचार, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी, रक्ताशी संबंध नसलेल्या शाखा काय कमी आहेत?

टाके घालणारी:
पॅथॉलॉजीचा रक्ताशी संबंध नाही? धन्य. आणि रेडिओलॉजिस्ट सुई घालून बायोप्सी करतात म्हटलं. मानसोपचारात जायचं तरी आधी सर्जरी आणि लेबर रूम चुकत नाही.
छत्री, मी सर्जन आहे. दोन्ही वेळा उभी होतीस का? किती वेळ? पोटात काही होतं? पडायच्या आधी काय जाणवलं?

शाईचा डाग:
मधेच विचारतो, गणित सोडलं तर डॉक्टर होता येतं का? मुलगी विचारतेय.

नुसता वाचक:
नवीन धागा काढा हो.

उलटी छत्री:
उभीच. पहिल्यांदा कॅज्युअल्टीत, कोणाच्या तरी भुवईला टाके घालत होते. दुसऱ्यांदा ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, हर्नियाच्या ऑपरेशनला. मास्क, गाऊन, सगळ्यांच्या मागे तासभर गुडघे ताठ करून उभी. आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं, वेळच मिळाला नाही. आधी जांभया यायला लागल्या, वाटलं झोप येतेय. मग हात गार पडले, सगळ्यांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे, आणि डोळे उघडले तेव्हा कपाळ ट्रॉलीच्या चाकाशी. तीन टाके. गंमत म्हणजे ते घालताना काही झालं नाही, आडवी होते म्हणून असेल. सर सगळ्यांसमोर म्हणाले, हिला दुसरं काहीतरी बघायला सांगा.

टाके घालणारी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंस ना गं!
जांभया म्हणजे झोप नव्हे, इशारा. रक्त पाहून शुद्ध जाणाऱ्यांचं बहुतेकदा असं होतं: नाडी आणि रक्तदाब आधी वाढतात, मग दोन्ही धाडकन खाली येतात. मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. उभं राहणं, उकाडा, उपाशी पोट, ताठ गुडघे, सगळं त्यात भर घालतं. भित्रेपणाशी याचा संबंध नाही, पुष्कळदा घराण्यातच असतं. आईवडिलांना विचारून बघ.
गोळीच्या मागे लागू नकोस. स्वीडनच्या लार्स-योरान ऑस्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात एक साधी युक्ती पुढे आणली. दंड, पोट, मांड्या एकदम घट्ट आवळायच्या. १०-१५ सेकंद, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत. मग सोडायचं, पण अंग पार सैल टाकायचं नाही. अर्ध्या मिनिटाने पुन्हा, असं पाच वेळा. त्याने दाब वर राहतो. आज-उद्या खुर्चीत बसून घटवून घे.
जांभई आली की टेबलापासून मागे हो, सिस्टरला सांग आणि खाली बस. उभी राहून दाखवायचा हट्ट नको. आमच्या ओटीत बसलेल्याला कोणी हसत नाही, निर्जंतुक टेबलावर पडलेल्याला मात्र वर्षभर ऐकवतात.

जुनं खोड:
आवळा काय, सोडा काय! दीर्घ श्वास घेऊन मन शांत केलं की पुरे. मी चाळीस वर्षं तेच सांगतोय.

टाके घालणारी:
काका, इथे नेमकं उलटं लागतं. दाब आधीच घसरत असताना अंग सैल सोडून काय साधणार? आणि भराभर खोल श्वास घेतले तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

पाऊण वाजला:
अवांतर: उत्क्रांतीवाला डार्विनही स्कॉटलंडच्या एडिनबरोला डॉक्टरकी शिकायला गेला होता. दोन ऑपरेशनं बघायला गेला, त्यातलं एक लहान मुलाचं. दोन्ही वेळा संपायच्या आत पळाला. भूल द्यायचं क्लोरोफॉर्म त्याच गावात आलं ते १८४७ साली, तोवर हा केव्हाच निघून गेला होता.

नुसता वाचक:
मग हिने काय करायचं, डार्विनसारखं जहाज पकडून जगप्रवासाला जायचं?
छत्री, एक राहिलं. रक्त न दिसताही कधी शुद्ध गेली होती? पळताना, जिना चढताना? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय? तसं असेल तर आधी ईसीजी.

उलटी छत्री:
नाही, दोन्हीही नाही. वडील मात्र रक्त तपासायला आडवे होऊनच देतात. आजवर आम्ही त्यांना हसत होतो.

(सोमवार, रात्री)

उलटी छत्री:
गळवाला चीर द्यायची होती. खाऊन गेले होते. सिस्टरला आधीच कानात सांगून ठेवलं, त्यांनी न बोलता पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. जांभई आली. भिंतीला टेकून पाच वेळा आवळलं, चौथ्या वेळी कान गरम झाले. मग स्टुलावर बसून शेवटपर्यंत पाहिलं. सरांनी एकदा वळून बघितलं, बोलले काही नाहीत.
पण पू बाहेर आल्यावर जो वास सुटला, त्याबद्दल एकानेही का लिहिलं नाही?