चर्चा: गल्लीच्या तोंडाशी सहा मीटर जागा मोकळी ठेवावी का?

कोथरूडवासी:
आमची गल्ली जिथे पौड रस्त्याला मिळते, तिथे डाव्या हाताला एक टेम्पो कायम उभा असतो आणि त्याच्या पुढच्या खांबाला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला असतो. चालकाचे डोळे गाडीच्या नाकापासून पाच-सहा फूट मागे असल्यामुळे, येणारी वाहने दिसेपर्यंत अर्धी गाडी मुख्य रस्त्यात गेलेली असते. गेल्या महिन्यात मी काच खाली करून, हॉर्नचा कानोसा घेत, अगदी सरपटत बाहेर पडत होते, तरीही शाळेतून परतणाऱ्या एका मुलाच्या सायकलचे पुढचे चाक माझ्या बंपरला येऊन टेकले. त्याने ब्रेक दाबला म्हणून तो वाचला. त्यात माझ्या सावधपणाचा काही वाटा नव्हता, कारण तो मला दिसलाच नव्हता.

ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात आठ मीटरपेक्षा अधिक अंतर कापते. एवढ्या वेळात माणूस फार तर दचकतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत, चौकापासून १० मीटरच्या आत गाडी उभी करू नये असे सांगितले आहे, आणि कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून पादचारी पट्ट्याच्या अलीकडची २० फूट जागा मोकळी ठेवणे बंधनकारक केले. आपल्याकडेही १९८९ च्या रस्ता नियमांनी चौकाजवळ आणि वळणावर वाहन उभे करण्यास मनाई केलेली होती. तेव्हा मागणी नवी नाही. पुण्यात प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना सहा मीटर जागा पट्टे आखून मोकळी करावी, असे माझे म्हणणे आहे.

नारायण पेठेतील दुकानदार:
ताई, मुलगा सुखरूप राहिला हे वाचून बरे वाटले, पण आपली मागणी पेठांना लावता येणार नाही. आमची गल्ली मी पावलांनी मोजली, ती सुमारे साठ मीटर भरते. सम-विषम तारखेच्या पार्किंगमुळे आम्हाला एका दिवशी एकच बाजू मिळते. त्यातून दोन्ही टोकांची सहा-सहा मीटर जागा काढली तर पाचवा हिस्सा गेला, म्हणजे पंधरा-सोळा दुचाकींची जागा गेली. त्या दुचाकी नाहीशा होणार नाहीत, त्या पुढच्या गल्लीच्या तोंडाशी जातील. शिवाय इथे कोपऱ्यावर वाड्याची भिंत थेट रस्त्याला लागून आहे. टेम्पो हलवता येईल, भिंत कशी हलवणार? गल्लीतून बाहेर पडणाऱ्याने थांबावे आणि मुख्य रस्त्यावरच्याने वेग कमी करावा, हीच शिस्त अधिक उपयोगी आहे.

रोज पायी चालणारी:
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. कोपरा मोकळा झाला की वळण रुंद होते, आणि रुंद वळणावर रिक्षा व दुचाकी वेग न मोडता वळतात. न्यूयॉर्कच्या वाहतूक विभागाने २०२५ च्या अहवालात हेच मांडले की, नुसती पार्किंगबंदी केली आणि तिथे प्रत्यक्ष अडथळा उभारला नाही, तर सुरक्षितता वाढलेली दिसत नाही. मी रस्ता ओलांडताना आज तो उभा टेम्पोच मला वळणाऱ्या गाड्यांपासून आडोसा देतो. चालकाला दूरवर दिसावे म्हणून माझा आडोसा काढून घेऊ नये.

कोथरूडवासी:
आपला मुद्दा मला पटतो, आणि नुसते पट्टे आखावेत ही माझी मागणी अपुरी होती हे मी मान्य करते. मात्र त्यातून कोपरे गाड्यांनी भरलेले राहू द्यावेत असे निघत नाही. अमेरिकेतील होबोकेन या छोट्या शहराने कोपरे मोकळे केले, तिथे खांब, झाडांच्या कुंड्या आणि सायकलींचे स्टँड लावले, वेगमर्यादाही उतरवली, आणि २०१७ पासून सलग सात वर्षे शहराच्या रस्त्यांवर वाहतूक अपघातात एकही मृत्यू झाला नाही. आपल्याकडे गुडघ्याएवढे बोलार्ड, म्हणजे जमिनीत रोवलेले आखूड खांब, लावून तेवढाच पदपथ पुढे वाढवला, तर चालकाला पलीकडचे दिसेल, वळणही अरुंद राहील आणि आपल्याला टेम्पोपेक्षा भक्कम आडोसा मिळेल. उभ्या टेम्पोमागून आपण पाऊल टाकता तेव्हा आपणही चालकाला दिसत नाही, याचा कृपया विचार करावा.

दुकानदारकाका, भिंतीपुढे माझे उत्तर आरसा आणि गतिरोधक एवढेच आहे. ते कमी पडते हे मला ठाऊक आहे. पण ज्या कोपऱ्यावर भिंत नाही, तिथे गाडीची भिंत आपणच उभी करतो. दुचाकी बुटक्या असतात असे म्हणाल, तर एका रांगेतल्या स्कूटरमागे सहा वर्षांचे मूल उभे करून पाहावे. आमच्या कोपऱ्यावरच्या फळवाल्या मावशींनाही मी विचारले. त्या म्हणाल्या, हातगाडी दहा पावले आत घेईन, पण ती जागा मला लिहून द्या, नाहीतर तिथे मोटार येऊन उभी राहील. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना हक्काची जागा देण्याची व्यवस्था केलेली आहे, त्यामुळे त्यांची मागणी रास्त आहे.

नारायण पेठेतील दुकानदार:
बोलार्ड लावल्यास माझा विरोध थोडा मवाळ होईल, कारण मग नियम सर्वांना सारखा लागेल. आज उचलली जाते ती गिऱ्हाईकाची दुचाकी, फ्लेक्स मात्र पंधरा दिवस हलत नाही. पण पेठांत सहा मीटर मला मान्य नाही. तीन मीटर करा, आणि आधी फ्लेक्स व बंद पडलेली वाहने काढा. तेवढ्याने किती दिसते ते आपण दोघेही कोपऱ्यावर उभे राहून पाहू, मग उरलेल्या तीन मीटरबद्दल बोलू.