बाँड्सचे 73 : मनगटाचे की सुईचे?

डावखुरा_फ्रीमाँट : बॅरी बाँड्सने 2001 च्या बेसबॉल सीझनमध्ये 73 होम रन (चेंडू थेट कुंपणापार) मारले, तो विक्रम; पण त्याच्यावर स्टेरॉइड घेतल्याचा आरोप आहे. काल इथेच कुणीतरी ठोकून दिलं, "स्टेरॉइडने चेंडू दिसत नाही, तेव्हा बाँड्सच्या नावाने बोटं मोडणं म्हणजे निव्वळ जळफळाट." अहो, नजरेबद्दल वाद आहेच कुणाचा? 1993 पर्यंत तीन एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब) त्याने नजरेवरच घेतले. प्रश्न कुंपणापाशी झेल जाणाऱ्या फटक्यांचा आहे. बॅट जराशी जोरात फिरली की तोच चेंडू पंधरा फूट पुढे, प्रेक्षकांत. महिन्याला असे तीन-चार धरा आणि करा हिशोब. 2000 पर्यंत एकदाही पन्नाशी नाही, आणि छत्तिशी ओलांडल्यावर थेट 73! त्या वयात आमचे गुडघे बोलायला लागतात.

स्प्लॅशहिट : गुडघ्यांचं तुमचं तुम्ही बघा. बाँड्सच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या घरच्या मैदानाची उजवी भिंत 24 फूट उंच, पलीकडे खाडी, वर तिचा वारा. शिवाय त्या सीझनला 177 वॉक (चार चेंडू टप्प्याबाहेर पडले की बॅटरला फुकट पहिला बेस). पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, मारण्याजोगा चेंडूच देत नव्हते, तरी 73. आणि पिचर काय सोवळे होते? बेसबॉलमधल्या स्टेरॉइडवरच्या मिचेल रिपोर्टमध्ये पिचर क्लेमन्सचं नाव वाचा. तेव्हा चाचणीच नव्हती.

शिकागोकर : चाचणी नव्हती, बंदी होती. 1991 मध्येच बेसबॉलच्या कमिशनरने लेखी कळवलं होतं. 1998 ला होम रनच्या विक्रमाच्या शर्यतीत आमच्या शिकागोच्या सोसासाठी आम्ही घसे बसवले. त्याचा प्रतिस्पर्धी मॅग्वायर, त्याच्या लॉकरमध्ये अँड्रोची (शरीरात टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या औषधाची) बाटली दिसली, तर लोक वार्ताहरावरच तुटून पडले, त्यात मीही. 2010 ला मॅग्वायर गड्याने स्टेरॉइडची कबुली दिली, वर म्हणे होम रन त्याशिवायही मारले असते!

वऱ्हाडी_ठेचा : आणि बाँड्स? स्टेरॉइड जवसाचं तेल समजून घेतलं म्हणे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जवसाची चटणी खातात, एकाचा तरी चेंडू खाडीत पडला का?

पंत_डंबेल : हसू नका. पुण्यात आमच्या जिमचा ट्रेनर स्टेरॉइडचा "कोर्स" विकायचा. आतेभावाने घेतला. दंड फुगले, पाठभर पुटकुळ्या आल्या, आणि वरण आळणी लागलं म्हणून आत्याच्या अंगावर ताट फेकलं.

वऱ्हाडी_ठेचा : कितीला होता कोर्स?

पंत_डंबेल : तुम्हाला कशाला हवंय?

स्प्लॅशहिट : त्या आतेभावाला बॅट द्या, ताशी 95 मैलांचा एक चेंडू लागला तरी पेढे वाटतो. कसब लागतं, पंत.

पंत_डंबेल : कसब लागत नाही असं म्हटलंय कुणी? मी ताटाबद्दल बोलतोय. पोरं सुई घेतात ती असले आकडे बघून, आणि तुम्ही रेकॉर्डची आरती ओवाळताय.

स्प्लॅशहिट : आत्याच्या ताटाचा जाब बाँड्सने द्यायचा? धन्य आहे.

डावखुरा_फ्रीमाँट : ताट बाजूला ठेवा. चाचण्या आल्यानंतर 2022 ला ॲरन जजने 62 होम रन मारले, तेव्हा स्वच्छ माणसालाही साठी गाठता येते हे मान्य. खूश? पण 73 पर्यंत अजून अकरा उरतात.

स्प्लॅशहिट : म्हणजे 62 पर्यंत कसब आणि त्रेसष्टावीपासून सुई? ती रेघ मारायला पट्टी कुठून आणलीत?

शिकागोकर : पट्टी सोडा. पंत, आत्या बऱ्या आहेत ना?