मदत हवी आहे: नवाहो भूमीवरील अपरिचित मेसांची भटकंती, परवानगी आणि वाटाड्या

नमस्कार मंडळी,

फिनिक्स परिसरात राहणारे आम्ही चौघे येत्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅरिझोनाच्या ईशान्य कोपऱ्यात, नवाहो राष्ट्राच्या (अमेरिकेतील नवाहो या मूलनिवासी जमातीच्या स्वायत्त प्रदेशाच्या) हद्दीत, काही दिवस पायी भटकण्याचा बेत आखत आहोत. चौघांचीही पायपीट सह्याद्रीत झालेली असल्यामुळे उन्हाची, ओझ्याची आणि उघड्यावर झोपण्याची सवय आहे. मॉन्युमेंट व्हॅलीतील वाइल्डकॅट ट्रेल आम्ही केलेली आहे. वेस्ट मिटन ब्यूट या सुट्या उभ्या खडकाला वळसा घालणारी ही वाट सुंदर आहे, वाटाड्याशिवाय चालता येईल अशी त्या उद्यानातील ती एकमेव वाट आहे, आणि परतताना वाहनतळाकडे जाणाऱ्या चढणीवर तांबडी वाळू पाय धरून ठेवते. परंतु तेथे सगळा वेळ मेसांच्या (सपाट माथ्याच्या, ताठ कड्यांच्या डोंगरांच्या) पायथ्याशीच जातो. यंदा एखाद्या मेसाच्या माथ्यावर जाऊन मुक्काम करावा, आणि तोही शक्यतो जेथे प्रवासी कंपन्यांच्या जीपगाड्या पोहोचत नाहीत अशा ठिकाणी, अशी इच्छा आहे.

आतापर्यंत जे वाचले व विचारले, ते थोडक्यात असे. सुमारे ७१ हजार चौरस किलोमीटरच्या या प्रदेशात पायी फिरण्यासाठी नवाहो राष्ट्राच्या उद्यान विभागाचा परवाना लागतो आणि मुक्कामासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते. मद्य नेण्यास बंदी आहे, आदिवासी उद्यानांत ड्रोन चालत नाही, आणि कॅन्यन डी शेच्या तळाशी नवाहो वाटाड्याशिवाय उतरता येत नाही. कीट सील येथील प्राचीन वस्तीपर्यंतच्या सुमारे २७ किलोमीटरच्या जाऊन-येऊन वाटेचाही आम्ही विचार केला. पण ती घळीच्या तळातून जाते, त्यामुळे आमच्या मूळ हेतूत बसत नाही.

अडचण येथून पुढे सुरू होते. उपग्रह नकाशावर केयेंटा गावाच्या उत्तरेस आणि ओल्जाटो या वस्तीच्या आसपास अनेक बिननावाच्या मेसा दिसतात, आणि त्यांतील काहींच्या पायथ्यापर्यंत मातीची चाकोरी गेलेली दिसते. त्यातली एक चाकोरी आम्ही पडद्यावर मोठी करून पाहिली, तेव्हा ती एका होगनच्या (पारंपरिक नवाहो घराच्या) अंगणात संपते असे लक्षात आले: शेजारी मेंढ्यांचा वाडा, एक पाण्याची टाकी आणि दोन गाड्या. ही जमीन कागदोपत्री संपूर्ण जमातीसाठी राखलेली असली, तरी चराईचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबांकडे असतात, असे वाचनात आले. मग उद्यान विभागाचा कागद खिशात असला तरी अशा वाटेने जाणे योग्य ठरते का? त्या कुटुंबाची संमती वेगळी घ्यावी लागते का, आणि परक्या माणसाने ती कोणामार्फत मागावी? आपल्याकडील ग्रामपंचायतीसारखी तेथे चॅप्टर नावाची स्थानिक व्यवस्था आहे, असे एकूण ११० चॅप्टर आहेत. त्यांच्या कार्यालयात अशी विचारणा केलेली चालते का? आणि कोणाकडे या बिननावाच्या मेसांचे ट्रॅक (जीपीएसवर नोंदलेल्या वाटा) असल्यास येथे द्यावेत, ही विनंती.

दुसरा प्रश्न हंट्स मेसाविषयी आहे. ती मॉन्युमेंट व्हॅलीच्या आग्नेय कडेला असून वाटाड्यासह जाता येते, हे ठाऊक आहे; परंतु बहुतेक जण जीपमधून नेतात. पायी नेणारा स्थानिक वाटाडा कोणी अनुभवला आहे का? तिसरा प्रश्न पाण्याचा. माणशी दिवसाला पाच-सहा लिटर वाहून न्यायची आमची तयारी आहे, पण गुरांसाठीच्या पवनचक्कीच्या टाक्यांतील पाणी गाळून व उकळून वापरता येईल का, यावर आमच्यातच मतभेद आहेत.

आगाऊ आभार.

प्रतिसाद

मी न्यू मेक्सिकोत, फार्मिंग्टनजवळ राहतो, त्यामुळे या भागात जाणे-येणे असते. आधी पाण्याचे सांगतो, कारण त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे: त्या टाक्यांतील पाणी वापरू नका. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो भूमीतून सुमारे ३ कोटी टन युरेनियमचे खनिज काढले गेले आणि ५०० हून अधिक खाणी तशाच सोडून दिल्या गेल्या. तुम्ही ज्या ओल्जाटोचे नाव घेतले आहे, तेथील मेसावरच स्कायलाइन ही जुनी खाण होती. काही विहिरींत युरेनियम आणि आर्सेनिक आढळलेले आहे. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. माथ्यावर जुन्या खाणीची तोंडे किंवा राखाडी-पिवळसर टाकाऊ दगडांचे ढीग दिसल्यास तेथे बसू नका, तंबू तर मुळीच लावू नका.

परवान्याबाबत तुमची शंका रास्त आहे. परवाना घ्यावाच लागतो, पण तो कोणाच्या अंगणातून जाण्याचा अधिकार देत नाही. चॅप्टरच्या कार्यालयात जरूर विचारा. तेथे त्या बाजूला कोणाची मेंढरे चरतात हे माहीत असलेला माणूस बहुधा भेटतो. वाटेत घर लागले, तर गाडी दूर थांबवून आतच बसावे आणि कोणी बाहेर येण्याची वाट पाहावी. कुत्री मोकळी असतात, हेही त्यामागचे एक कारण. कोणी आले नाही, तर परत फिरावे.

माथ्याचा हट्ट मात्र थोडा सैल करा, असे सुचवतो. त्या भागातील मेसांचा पायथा मऊ, तांबड्या शेलचा (थरांच्या चिखल-खडकाचा) आहे, तो झिजला की वरचा डी शे नावाचा वालुकाश्म उभ्या फळ्यांनी कोसळतो. म्हणून कडे ताठ राहतात आणि वर जाण्याच्या जागा मोजक्याच असतात. ज्या आहेत त्या मेंढपाळांना ठाऊक असतात. नवाहो राष्ट्रात प्रस्तरारोहणाला बंदी आहे. शिपरॉकवर १९३९ साली पहिली चढाई झाली, परंतु आज तो सुळका चढण्यास निषिद्ध आहे. नवाहो माउंटनही पवित्र असल्यामुळे त्याच्या शिखरावर जाऊ नये. त्याच पर्वताच्या कडेने रेनबो ब्रिज या नैसर्गिक दगडी कमानीकडे जाणाऱ्या दोन लांब वाटा मात्र परवाना घेऊन करता येतात, आणि मला विचाराल तर गर्दी टाळणाऱ्यांसाठी त्याहून चांगले काही नाही.

बिननावाच्या मेसांचे ट्रॅक माझ्याकडे असले तरी येथे टाकणार नाही. एकदा ते पसरले की पुढच्या हंगामात त्या होगनच्या दारात अनोळखी गाड्या येऊ लागतात. तुम्ही वाट शोधू नका, माणूस शोधा. वाट तो दाखवील.

ओढ्याच्या घळीतून जाण्याचा प्रसंग आल्यास हवामान फक्त डोक्यावरचे पाहू नका. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक पुरात गेले, आणि तो पाऊस दूर वरच्या अंगाला पडलेला होता. ऑक्टोबरमध्ये हा धोका कमी असतो, संपलेला नसतो. शिवाय त्या महिन्यात नवाहो राष्ट्राचे घड्याळ फिनिक्सपेक्षा एक तास पुढे असते, तर मधल्या होपी या दुसऱ्या जमातीच्या भूमीत पुन्हा फिनिक्सचीच वेळ चालते. वाटाड्याशी वेळ ठरवताना कोणाच्या घड्याळाप्रमाणे, हे स्पष्ट विचारा.

धागाकर्त्याचे उत्तर

सविस्तर माहितीबद्दल मनःपूर्वक आभार. पाण्याचा वाद मिटला. सर्व पाणी गाडीतून नेऊ आणि त्यानुसार मुक्काम एका रात्रीपुरताच ठेवू. ट्रॅकविषयीचा आपला मुद्दा पटला, ती विनंती मागे घेतो. रेनबो ब्रिजच्या दोन वाटांपैकी उत्तरेकडील वाटेवर ऑक्टोबरच्या मध्याला झऱ्यांना पाणी कितपत असते, आणि आरंभबिंदूपर्यंतच्या कच्च्या रस्त्यावर साधी मोटार जाते की फोर-व्हील-ड्राइव्ह अनिवार्य आहे, एवढे कोणी अलीकडे जाऊन आलेल्याने सांगितल्यास परवान्याचा अर्ज याच आठवड्यात करता येईल.