शब्दचर्चा: 'एंटरप्राइझ आर्किटेक्चर'ला मराठीत काय लिहावं?

निपाणीकर
दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी खोऱ्यासाठी संयुक्त पर्यावरण कामाचा तांत्रिक मसुदा मराठीत करायचा आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्ही राज्यांची पाटबंधारे खाती, दोन्हीकडची प्रदूषण नियंत्रण मंडळं, वन खातं आणि जिल्हा प्रशासन, सगळे त्यात आहेत. 'एंटरप्राइझ आर्किटेक्चर', म्हणजे कोणतं काम कोण करतं आणि त्यासाठी कोणती माहिती, सॉफ्टवेअर, यंत्रं लागतात याची एकत्र मांडणी, हिला 'उद्यम वास्तुरचना' असा शब्द सुचवला गेलाय. वाचणारे तलाठी, शाखा अभियंते, प्रयोगशाळेतले केमिस्ट. त्यांना कळेल असं काय आहे?

टिळकवाडी
'उद्यम' आधी काढा. इथे धंदा नाही आणि एक मालकही नाही. 'स्थापत्य' लिहिलंत तर पाटबंधाऱ्याचा माणूस सिव्हिलचं काम समजून निविदेत सिमेंट शोधेल. 'आराखडा' ओळखीचा खरा, पण कचेरीत टंचाई आराखडा, कृती आराखडा म्हणजे कामांची यादी आणि शेजारी रक्कम. 'यंत्रणा' तर एजन्सीलाही म्हणतात आणि सिस्टिमलाही, त्यामुळे 'आंतरयंत्रणा यंत्रणा' असलं काहीतरी होऊन बसेल. मी 'संयुक्त माहिती-मांडणी' लिहीन आणि पहिल्याच पानावर तिचे चार थर सांगेन: कामकाज, माहिती, सॉफ्टवेअर, यंत्रसामग्री. टोगॅफ या अशा मांडणीच्या प्रचलित पद्धतीतही क्रम हाच आहे. आपल्याकडे तो उलटा होतो. आधी सर्व्हरची निविदा निघते, मग त्यात काय भरायचं यावर बैठक.

मापपट्टी
शीर्षकाचं नंतर बघू. आतले शब्द आधी पक्के करा, घोळ तिथे होतो.

'आवक' घ्या. धरणावर आवक म्हणजे जलाशयात येणारं पाणी, कचेरीत आवक म्हणजे आलेल्या पत्रांची नोंदवही. एकाच पोर्टलवर दोन्ही येणार असतील तर रकान्याचं नाव 'जलाशय आवक' असंच हवं. कन्नड बाजूला ओळहरिवु (आत येणारं पाणी) आणि होरहरिवु (बाहेर जाणारं पाणी) हे शब्द नेमके आहेत, ते मराठी शब्दांच्या जोडीने द्या.

'विसर्ग' लिहिलं की एकक लिहायचंच. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट; एक क्युमेक म्हणजे 35.31 क्युसेक. एकाने क्युमेकमध्ये पाठवलं आणि दुसऱ्याने क्युसेक समजून वाचलं, तर पूर पस्तीसपट लहान दिसतो. दिवसाला एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे सरासरी 11,574 क्युसेक. एवढं रूपांतर तरी परिशिष्टात छापा.

'पातळी' सगळ्यात घातक. अलमट्टी धरणाची पूर्ण भरल्यावरची पातळी 519.6 मीटर ही समुद्रसपाटीपासूनची आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा 39 फुटांना आणि धोका 43 फुटांना, तो तिथल्या मापपट्टीवरचा आकडा. दोन्ही एकाच रकान्यात आले की आलेखाला काही अर्थच उरत नाही. पातळी, एकक, संदर्भ-शून्य (शून्य कुठून धरलं) असे तीन रकाने ठेवा.

खानापूर
प्रयोगशाळेकडून एक शब्द: 'निरंक'. तक्त्यात निरंक आलं तर काय समजायचं? शून्य आलं, उपकरणाच्या मोजमर्यादेखाली आलं, की नमुनाच घेतला नाही? तिन्हींना एकच शब्द वापरला जातो आणि सॉफ्टवेअर त्याचं 0 करून टाकतं. मग महिन्याची सरासरी खाली येते आणि नदी कागदावर स्वच्छ होते. 'मोजमर्यादेखाली' आणि 'मोजले नाही' हे दोन वेगळे संकेत ठेवा, शून्य हा तिसरा.

बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, याला 'जैव ऑक्सिजन मागणी' म्हणा किंवा बीओडीच ठेवा, पण पद्धत लिहा. नमुना 27 अंशांवर 3 दिवस ठेवला की 20 अंशांवर 5 दिवस? आंघोळीच्या पाण्यासाठी बीओडीची मर्यादा लिटरमागे 3 मिलिग्रॅम आहे. पद्धत न लिहिता दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवले, तर वाद पाण्यावर न होता आकड्यांवर होतो.

निपाणीकर
'डेटा ओनर'ला 'माहितीचा मालक' चालेल का?

टिळकवाडी
सीमाभागात मालकी हा शब्द जपून वापरा बघा. 'मूळ नोंद कुणाची' असा रकाना करा. प्रत्येक बाबीला एकच मूळ नोंदकर्ता, एक पडताळणारा, किती वेळाने आणि कधीपर्यंत. बाकीच्यांनी प्रत करून ठेवायची नाही, तिथूनच वाचायचं. दुरुस्ती करताना जुना आकडा पुसायचा नाही. नवी ओळ घालून 'तात्पुरती' किंवा 'पडताळलेली' असा शिक्का द्यायचा. नाहीतर काल बैठकीत दाखवलेला आकडा आज सापडत नाही.

गावाची ओळख नावावरून ठेवू नका. बेळगाव, बेळगावी, बेलगाम, तिन्ही जुन्या फायलींत मिळतात. निपाणी पूर्वी चिक्कोडी तालुक्यात होतं आणि कागवाड अथणीत, म्हणून तालुका जोडताना कोणत्या वर्षाची हद्द हे लागतं. केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेचा (एलजीडी) गावकोड घ्या. जमीन असेल तर तिकडे महाराष्ट्रात गट नंबर, इकडे कर्नाटकात सर्व्हे नंबर आणि हिस्सा. क्षेत्र तिकडे हेक्टर-आर, इकडे एकर-गुंठे. मूळ आकडा तसाच ठेवून शेजारी हेक्टरमध्ये द्या. आणि जुन्या कन्नड फायली नुडी फॉण्टात असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर शोध चालत नाही.

निपाणीकर
सर्व्हर, एपीआय (दोन सॉफ्टवेअरमधली माहितीची देवाणघेवाण), डॅशबोर्ड यांचं?

टिळकवाडी
तसेच राहू द्या. 'देवाणघेवाण-द्वार' लिहिलंत तर शिपाई दार शोधायला जाईल.

मापपट्टी
'रिअल टाइम'ला मात्र 'तत्काळ' लिहू नका. पुराच्या रात्री वीज जाते, मोबाइलचा टॉवर बंद पडतो, आणि साठवलेली मापं सहा तासांनी एकदम येतात. 'मोजल्याची वेळ' आणि 'पोचल्याची वेळ' असे दोन रकाने हवेत. इशारा मोजल्याच्या वेळेवरून ठरवा, आणि मोजणी किती जुनी तेही पडद्यावर दाखवा. फोनवरून सांगितलेला आकडा भरायची सोय ठेवा, त्यावर 'फोनवरून' अशी खूण हवी.

खानापूर
'स्टेकहोल्डर'ला 'भागधारक' लिहिलंय का मसुद्यात? ते शेअरवाले झाले. 'संबंधित' पुरे.

निपाणीकर
लिहिलंय खरं, चौदा ठिकाणी. बदलतो. 'संबंधित खाती व गावे' करतो, म्हणजे ग्रामपंचायतीही येतील.