बीएएमएसनंतर ऑनलाइन एमएस्सी (क्लिनिकल रिसर्च आणि इंटिग्रेटिव्ह मेडिसिन) : करू का?

काढावाली

नमस्कार मंडळी. मी बीएएमएस. कऱ्हाडजवळच्या एका गावात ११ वर्षं दवाखाना आहे. एमडीची प्रवेश परीक्षा दोनदा दिली. दुसऱ्या वेळी नंबर लागत होता, पण तीन वर्षं पूर्णवेळ म्हणजे दवाखान्याला टाळं, आणि धाकटी तेव्हा दीड वर्षाची. राहिलं ते राहिलंच.

आता डोक्यात वेगळंच खूळ शिरलंय. माझ्याकडे आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) बायका बऱ्याच येतात. बहुतेकींना मिरजेच्या एका डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट ही अ‍ॅलोपॅथीची गोळी दिलेली असते, आठवड्यातून एकदा. वर माझा सिंहनाद गुग्गुळ आणि रास्नासप्तक काढा. सकाळी बोटं आखडायची ती आता सुटतात, भाकरी थापता येते, असं सांगतात. पण कशानं? त्या गोळीनं, काढ्यानं, की मी दही बंद करायला लावलं म्हणून? २०१६ पासून वही ठेवलीय. गेल्या दिवाळीत त्या डॉक्टरांनीच पेशंटच्या हाती चिठ्ठी पाठवली : "तुम्ही काय देता ते कळवा, आणि त्यानं फरक पडतो हे कशावरून, तेही." खोचक नव्हती हो, सरळ विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून हा कोर्स. दोन वर्षं, शनिवार-रविवार संध्याकाळी वर्ग, फी २ लाख ४० हजार. समुपदेशक बाई रोज फोन करतात, "मॅडम, सीट्स संपत आल्या." ऑनलाइनला सीट्स कशा संपतात ते देव जाणे. नवरा म्हणतो, त्यापेक्षा छपरावर सोलर बसवू. पदवीला मान्यता असते का, आणि ती घेतली तर मला माझ्या पेशंटांचा अभ्यास करता येईल का, एवढं सांगा.

दंडोबा

सोलर बसवा. 😀

निवृत्त_कुलसचिव

आधी मान्यतेचं. ऑनलाइन पदवी चालते, पण यूजीसीच्या डीईबीच्या (दूरस्थ शिक्षण विभागाच्या) संकेतस्थळावर विद्यापीठ आणि तोच अभ्यासक्रम, दोन्ही त्या वर्षाच्या यादीत सापडले पाहिजेत. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून हुरळू नका. शिवाय २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं आरोग्य आणि संलग्न विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, आहारशास्त्र त्यात गेलं. त्यामुळे आज कोणी "क्लिनिकल" नावाचं काही ऑनलाइन विकत असेल तर पैसे भरायच्या आधी लेखी मागा. फोनवरच्या बाईंचं तोंडी नको. आणि ही पदवी एमडीच्या जागी धरली जाणार नाही.

क्वेरी_क्लोज्ड

ताई, मीही बीएएमएस. आधी एका रुग्णालयात ट्रायल कोऑर्डिनेटर होतो, म्हणजे औषधचाचण्यांच्या नोंदी सांभाळायचो; आता पुण्यात फार्माकोव्हिजिलन्समध्ये, औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवायचं काम. असाच एक ऑनलाइन कोर्स केलाय. नोकरीच्या मुलाखतीपर्यंत पोचायला उपयोग झाला, नाकारत नाही. पण नोकरी तुम्हाला नकोच आहे.

पहिल्या आठवड्यातलं सांगतो. बीपी १५० ऐवजी १३० लिहिलं, म्हणून व्हाइटनर लावून नीट केलं. नोंदी तपासणारी मॉनिटर आली, पान ट्यूबलाइटसमोर धरलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघत राहिली. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. हे लेक्चरात ऐकलं होतं की! हातात मुरलं ते त्या दिवशी.

आता तुमचा प्रश्न. तो लोकांनी आधी विचारलाय. २०११ मध्ये मेथोट्रेक्सेट, आयुर्वेदिक उपचार आणि दोन्ही एकत्र अशी तीन गटांची डबल ब्लाइंड (कोणाला काय दिलंय ते रुग्णालाही कळत नाही, डॉक्टरलाही) चाचणी प्रसिद्ध झाली, आमवाताच्या ४३ रुग्णांवर. सगळ्यांना दोन्हीकडची औषधं घ्यायची, फक्त पहिल्या दोन गटांत एकीकडचं खोटं. गटागटांत फार फरक दिसला नाही. पण ४३ जणांवरून "सारखंच आहे" असंही म्हणता येत नाही. ती पायलट, म्हणजे आधी छोट्या प्रमाणात करून बघायची चाचणी होती, आणि तसं त्यांनी म्हटलंही. काढ्याचा खोटा काढा करायचा म्हणजे काय, विचार करून बघा. गुळवेलीचा कडूपणा कुठून आणाल?

दुसरी आपल्या पुण्याच्या लोकांनी घडवलेली, गुडघ्याच्या संधिवातावर, ४४० रुग्ण, २०१३ मध्ये छापून आली. आयुर्वेदिक औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या नेहमीच्या औषधांच्या तोडीस उतरली. पण आयुर्वेदिक गटांतल्या काहींचं एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) वाढलेलं निघालं. त्रास काही नव्हता, तपासलं म्हणून कळलं. मेथोट्रेक्सेटही यकृताला जड. तुमच्या वहीत एसजीपीटीचा रकाना आहे का?

आणि खरं विचारायचंय ते हे : वहीत ज्या बायका एक-दोनदा येऊन परत आल्या नाहीत, त्या किती? त्यांचं काय झालं? आपण सगळे परत आलेल्यांवरूनच आपली विद्या तोलतो.

पैसे न घालता करण्यासारखं बरंच आहे. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या सरकारी संशोधन संस्थेचा हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स हा कोर्स एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहे. शिकायला फुकट, परीक्षेलाच काय ते पैसे. सीटीआरआयवर (देशातल्या औषधचाचण्यांची नोंदवही) आमवात शोधून बघा, दुसरे काय मोजतात ते दिसेल. २८ सांधे तपासून आजाराचा जोर मोजायचा डीएएस-२८ शिकून घ्या, आखडलेपण मिनिटांत लिहा. वहीतलं काही छापायचं असेल तर जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातला कोणीतरी सोबत घ्या, कारण तिथली इथिक्स कमिटी लागेल. तेवढं झाल्यावरही कोर्स करावासा वाटला तर जरूर करा.

काढावाली

सगळ्यांचे आभार. दंडोबा, तुमचं मत घरी वाचून दाखवलं, बहुमत तिकडेच आहे.

क्वेरीभाऊ, तुमचा प्रश्न झोंबला. रात्री दोन्ही मुली झोपल्यावर वही काढली. आमवाताच्या ६४ जणी. त्यातल्या २७ तिसऱ्यांदा आल्याच नाहीत. एसजीपीटी पाच पानांवर, तेही पेशंटनं रिपोर्ट आणला म्हणून. मी मनात धरून चालले होते की दहातल्या आठ जणींना गुण येतो.

त्या २७ जणींना फोन केले, सहा लागले. दोघींना काढ्याच्या वासानं मळमळायचं. एक मुलीकडे मुंबईला गेली. एकीला खरंच बरं वाटलं म्हणून आली नाही, तिचं मला बरं वाटून घ्यायचं की नाही तेच कळेना. एकीच्या सुनेनं "त्या गेल्या" म्हणून फोन ठेवला.

सहावीनं काढा सोडलाच नव्हता. ओळखीच्या दुकानातून आणून घेत होती. सोडली होती ती मिरजेची गोळी, दीड वर्षापूर्वी. म्हणाली, "तुमचं सुरू होतं ना बाई, मग ती कशाला दोन-दोन?" मनगट आता वळत नाही म्हणे.

तिला परवा बोलावलंय, मिरजेची फाइल घेऊन. डॉक्टरांच्या चिठ्ठीला उत्तरही तिच्याच हाती पाठवीन. नव्या वहीत एसजीपीटी, आखडलेपणाची मिनिटं, सांधे असे रकाने आखलेत. "दुसरीकडचं औषध चालू आहे का, आणि सोडलं तर कधी" याला वेगळा रकाना करू, की प्रत्येक भेटीला नव्यानं विचारून लिहू?